बेताने

आमची फियाट चालताना ठणठणीत होती. उभी राहिली की तिला हीव भरायचं.

रविवारची सकाळ, सातचा सुमार, पार्ल्याच्या हायवेवरचा फ्लायओव्हरखालचा सिग्नल. चौथ्या गिअरमध्ये छान तरंगत आलेली गाडी मी न्यूट्रलला टाकून थांबवली आणि आरशातल्या मागच्या रिक्षेच्या दोन रिक्षा झाल्या. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअरचा लिव्हर थरथरायला लागला. डॅशबोर्डवरचा चष्मा सरकत सरकत काचेला जाऊन टेकला. माशी बसल्यावर म्हशीची पाठ जशी थरारते, तसं बॉनेट थरारत होतं. मग दोन आचके आणि गप्प. सिग्नल अर्थातच तेवढ्यात हिरवा झाला. रिक्षावाला शेजारून जाताना मान बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, म्युझियमला देऊन टाका."

शेजारी अण्णा, माझे वडील, बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तू ॲक्सिलेटर सोडलास म्हणून बंद पडली."

आता ॲक्सिलेटर सोडल्यावरही बंद पडू नये, यालाच तर आयडलिंग म्हणतात. आमच्या भागातले मिस्त्री त्याला नुसतं 'स्लो' म्हणतात. "स्लो बिघडलाय", "स्लो सेट करून देतो". अण्णांनी मला हे सगळं शिकवलं तेव्हा मी नववीत होते. त्यामुळे मी काही बोलले नाही. चावी फिरवली, पाय ॲक्सिलेटरवर तसाच ठेवला आणि सांताक्रूझपर्यंत प्रत्येक सिग्नलला घूं-घूं करत, लोकांच्या नजरा चुकवत गेले.

गाडी १९८३ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. १९७४मध्येच तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं होतं, पण माझ्या पिढीच्या मुंबईत तिला पद्मिनी म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही, सगळे फियाटच म्हणायचे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीचा कारखाना इथेच, कुर्ल्याला. त्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. अण्णांनी ती १९८९मध्ये एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली, तेव्हा आयटीआयमधल्या फिटर ट्रेडच्या निदेशकाने गाडी घ्यावी का, यावर आमच्या नातेवाइकांत बराच खल झाला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी २० वर्षांची मर्यादा भरून रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अण्णांनी पेपरमधली बातमी दोनदा वाचली आणि खाली जाऊन आमच्या गाडीवर फडकं मारून आले. बोलले काहीच नाहीत.

तर हे दुखणं आम्हीच आणलेलं होतं. मे महिन्यात दोन रविवार सोसायटीच्या आवारात सतरंजी टाकून आम्ही बापलेकीने गाडीचं 'थोडंसं काम' काढलं. प्लग नवे घातले. डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, त्याचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट सेट केले. आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उतरवून, उघडून, त्याचा जेट अन् जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, पेट्रोलमध्ये धुतला. चौघांनाही हात लावायची खरं तर गरज नव्हती. पण कार्ब्युरेटर उतरवलाच आहे तर, आणि प्लग काढलेच आहेत तर, असं करत करत काम वाढतं. घरात माळा साफ करायला घ्यावा आणि संध्याकाळी अख्खं बिऱ्हाड दिवाणखान्यात यावं, तसं.

कार्ब्युरेटर परत बसवताना त्याच्या बुडाखालचं पॅकिंग माझ्या हातून फाटलं. रविवार, दुपारी साडेतीन, दुकानं बंद. अण्णा म्हणाले, "जाड पुठ्ठा आण." घरातला सगळ्यात चांगला पुठ्ठा म्हणजे लांबच्या एका भाच्याची लग्नपत्रिका. एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट अजून तसंच. अण्णांनी ती पत्रिका कार्ब्युरेटरच्या सपाट बुडावर धरली आणि छोट्या गोल हातोडीने कडेकडेने टकटक करायला लागले. धातूच्या कडेवर हातोडी पडते तिथे कागद आपोआप कापला जातो. कात्री नको, पेन्सिल नको. मधलं मोठं भोक, मग बोल्टांची दोन भोकं. पाच मिनिटांत पत्रिकेतून हुबेहूब पॅकिंग निघालं. त्यावर 'आपली उपस्थिती हाच' एवढंच शिल्लक राहिलं होतं. आयटीआयमधली पोरं ही हातोडी बघायला गोळा व्हायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मीही तशीच बघत बसले.

नट मी आवळले. छोटा पाना, आधी एक, मग दुसरा, पुन्हा पहिला. अण्णा बाजूच्या स्टुलावरून नेहमीचा एकच शब्द म्हणत होते, "बेताने."

हा शब्द म्हणजे अण्णांची सगळी विद्या. मराठीत सैल आहे, ढिलं आहे, घट्ट आहे, करकचून आहे. या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बेताने आहे आणि तो नेमका कुठे, ते पुस्तकात सापडत नाही. "पाना लांब असला तरी हात जवळ धर. नट अडला की जरा थांब. मग इतकंच," असं म्हणून ते मनगट सुपारीएवढं फिरवायचे. मिठाचं जसं आईचं, तसं आवळण्याचं अण्णांचं.

पुढच्या रविवारी गाडी सुरू झाली ती पहिल्या चावीला. आणि उभ्या जागी थरथरायला लागली. अण्णांनी नेहमीसारखा डावा हात मडगार्डवर पसरला. गाडीची नाडी ते तशीच बघत आलेत. एक मिनिट डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वायपर हलत होते, बंद असून. "अण्णा, अहो ठीक काय? हादरतेय ती."

"नवे पॉइंट आहेत. बसतील दोन दिवसांत."

हे मला त्यांच्या हट्टाच्या खात्यात टाकावंसं वाटलं आणि मी टाकलंही. एक्याऐंशीव्या वर्षी माणूस स्वतःच्या हातच्या कामाला नावं ठेवत नाही, असं मी मनात म्हटलं आणि तिथेच माझं चुकलं. पण ते कळायला पुढे तीन आठवडे गेले.

हे तीन आठवडे सोसायटीतल्या प्रत्येकाने गाडीची नाडी पाहिली. बहुमत इथेनॉलकडे. हल्ली आमच्या इमारतीत गाडी बिघडली, स्कूटर बिघडली, लिफ्ट बिघडली तरी दोष इथेनॉललाच जातो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ किलो पुरते. म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या जेटमधून सोडलं की इंजिनाला मिळणारं मिश्रण हिशेबापेक्षा पातळ पडतं. शिवाय जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. पण एप्रिलमध्येही आम्ही त्याच पंपावर तेच पेट्रोल भरत होतो आणि तेव्हा गाडी देवघरातल्या समईसारखी स्थिर होती. हीव भरलं ते मे महिन्यात, आमचा हात लागल्यावर. जिथे शेवटचा हात लागला तिथे आधी बघावं, हे माहीत असूनही माणूस आधी पेट्रोल कंपनीकडे बघतो.

अडचण अशी, की शेवटचा हात चार ठिकाणी लागला होता.

म्हणून एकेक मागे घेत गेले. गाडी चालू ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. जी काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. पण चारही वायरींनी कण्हून दाखवलं, म्हणजे चारही जिवंत. एक-तीन-चार-दोन हा ठिणगीचा क्रम डेल्कोच्या टोपीवर बोट फिरवत पुन्हा म्हणून पाहिला, तोही बरोबर. पॉइंटमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, हलकेच अडकत सरकत होतं. इंजिन रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी टॅपेटचं झाकण उघडलं. टॅपेट फार घट्ट राहिला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि स्लो बिघडतो, म्हणून माझा संशय तिथे होता. तेही बरोबर निघाले. जरासे सैलच. "टॅपेट बोलत असला की चिंता नाही, गप्प झाला की बघायचं," अण्णा वरून गॅलरीतून म्हणाले. हे मात्र त्यांनी ऐकून सांगितलं होतं, हात लावून नव्हे. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

उरला कार्ब्युरेटर.

आमचा कार्ब्युरेटर सोलेक्स कंपनीचा, त्याला बाहेरून दोन स्क्रू. एक थ्रॉटलची झडप किती उघडी ठेवायची ते ठरवतो, दुसरा स्लोला किती पेट्रोल मिसळायचं ते. दुसरा स्क्रू आत पिळत नेला की गाडी कुंथली पाहिजे, बाहेर काढत नेला की आधी सुधारली आणि मग जड झाली पाहिजे. आमचा स्क्रू पार बाहेर येईपर्यंत काढला तरी ती नुसती कमी थरथरायची, थांबायची नाही. मला वाटलं स्लोचा जेट तुंबला. काढला, फुंकला, उजेडाकडे धरला. केसाएवढ्या भोकातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी स्वच्छ दिसली.

मग अण्णा खाली आले, सीटवर बसले आणि चालू गाडीत त्यांनी चोकची मूठ बोटभर बाहेर ओढली.

थरथर थांबली. एकदम. रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोट द्यावं तशी. चोक आत ढकलला, पुन्हा सुरू. ओढला, गप्प. चोक म्हणजे जादा पेट्रोल. जादा पेट्रोल दिल्यावर इंजिन शांत होतं, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडत होतं, किंवा हवा जास्त होत होती. जेट तर साफ होता. मग हवा कुठून?

स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतात, पण वरून दार बंद, त्यामुळे झडपेखाली जबरदस्त ओढ तयार होते. तिथे केसाएवढी फट असली तरी इंजिन तिच्यातून हवा खेचतं, आणि ती हवा पेट्रोलच्या हिशेबात कुणी धरलेली नसते. रस्त्यावर झडप उघडली की आत हवेचा लोंढाच येतो, त्यात ही चोरटी हवा कुठल्या कुठे जाते. म्हणून गाडी चालताना ठणठणीत आणि उभी राहिली की हीव. मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला पंचवीस स्फोट होतात. त्यातला एखाददुसरा अर्धाकच्चा झाला तरी बॉनेटला कळतं.

कुणी कार्ब्युरेटरच्या बुडाशी पेट्रोल शिंपडून फट शोधतात. तापलेल्या इंजिनावर असलं धाडस मी करणार नव्हते. तेलाच्या कुपीने इंजिन ऑइलचे थेंब बुडाच्या सांध्यावर सोडत गेले. पुढच्या बाजूला थेंब तसाच बसून राहिला. मागच्या बाजूला मात्र तो पातळ झाला, सांध्याकडे झुकला आणि समोर बघता बघता आत गेला. त्याच क्षणी इंजिन चार-पाच सेकंद सुतासारखं सरळ चाललं. मग मागून निळसर धूर आला आणि पुन्हा थरथर.

माझा पहिला संशय बिचाऱ्या लग्नपत्रिकेवर. उतरवून पाहिलं तर पॅकिंग दोन्ही बोल्टांजवळ सिगारेटच्या कागदाएवढं पातळ चेपलं होतं आणि मध्ये जवळजवळ कोरं. 'आपली उपस्थिती' अजून वाचता येत होतं. कार्ब्युरेटरचं बूड खिडकीच्या जुन्या काचेवर ठेवून पलीकडे टॉर्च लावला. दोन्ही कान, म्हणजे बोल्टांच्या भोकांच्या बाजू, काचेला टेकलेले आणि मधून उजेडाची बारीक चंद्रकोर. सोलेक्सच्या बुडाचा धातू मऊ, नट फार आवळले की त्याचे कान वाकतात आणि पोट वर उचललं जातं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर मी बेताने आवळले होते.

मग आठवलं. पॅकिंग बसवलं त्या रविवारी संध्याकाळी मी ठाण्याला घरी जायला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "हे टॉर्च घेऊन खाली कशाला गेलेत गं?"

कार्ब्युरेटर हातात धरून मी वर आले. विचारायचं होतं, पण विचारलं नाही. आईने चहा टाकला होता आणि साखरेच्या बरणीशी झटत होती. "उघडून दे गं ही. हल्ली सगळी झाकणं असली लावून ठेवतात, मेलं फडक्याने धरूनसुद्धा निघत नाहीत." बेसिनच्या नळाचा वॉशर वर्षभरात तीनदा बदलला होता, प्लंबर म्हणायचा की नळ पिळून पिळून बंद करू नका. औषधाच्या बाटल्या तर शेजारच्या मुलाकडून उघडून आणाव्या लागायच्या. हे सगळं मला माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं.

अण्णांना मधुमेह होऊन सव्वीस वर्षं झाली. पाय बधिर झालेत हे त्यांनी सांगितलं होतं, कारण चप्पल निसटायची आणि ते लपवता यायचं नाही. हाताचं बोलले नव्हते.

डॉक्टरांकडे मी वेगळंच कारण सांगून घेऊन गेले. त्यांनी एक ट्यूनिंग फोर्क काढला, गायनाच्या वर्गात असतो तसा, फक्त मोठा. सेकंदाला १२८ कंपनं. तळहातावर आपटून त्याचा दांडा अण्णांच्या तर्जनीच्या पेरावर टेकवला. "कंप जाणवतो?"

"हो."

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने फोर्क मुठीत धरला, कंप थांबवला आणि पुन्हा टेकवला. "आता?"

अण्णांनी डोळे मिटले. मडगार्डवर हात ठेवून मिटायचे, अगदी तसेच. आणि म्हणाले, "हो, आहे."

मी भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता वाचत राहिले.

परतताना रिक्षात ते बाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं नट सैल राहिलाय. हाताला लागेचना काही." थोड्या वेळाने, कलिन्याच्या वळणाला, "पाव फेरा दिला फक्त." तो पाव फेरा नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "पत्रिकाच भिकार होती." त्यावर ते हसले.

रिक्षा तशीच पुढे सीएसटी रोडला घ्यायला सांगितली. कुर्ल्याच्या त्या रस्त्यावर दरवाजे, मडगार्डं, गिअरबॉक्स असं सगळं गाड्यांचं सामान फुटपाथवर मांडलेलं असतं. पॅकिंगचा कागद मिळाला, वर खऱ्या मापाचं एक तयार पॅकिंगही. दुकानदाराने कार्ब्युरेटर उलटा करून बुडावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कान खिचा है इसका. बहुत टाइट मारा किसी ने." अण्णा पलीकडच्या ढिगातले हॉर्न बघत होते. ऐकलं असणार, कान अजून उत्तम आहेत त्यांचे.

पुढचा रविवार त्या काचेवर गेला. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, त्यावर रॉकेलचे दोन थेंब, आणि कार्ब्युरेटरचं बूड इंग्रजी आठच्या आकारात घासत राहिले. एकाच दिशेने घासलं तर उतार पडतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन तासांनी टॉर्च लावला तेव्हा चंद्रकोर गेली होती.

नट आवळताना अण्णा स्टुलावर होते. मी पाना धरला, नट अडला, थांबले. "आता किती?"

"मला काय विचारतेस? हाताला विचार."

मी सुपारीएवढं मनगट फिरवलं. त्यांनी हात पुढे केला नाही. गुडघ्यावर ठेवला होता तिथेच ठेवला.

गाडी सुरू केली. मिश्रणाचा स्क्रू आता सांगितलेलं ऐकत होता, आत नेला की कुंथायची, बाहेर काढला की सैलावायची. मी त्यांच्याकडे बघितलं. अण्णा मडगार्डजवळ गेले, पण हात नाही लावला. आईने वरून पाठवलेला चहाचा ग्लास बॉनेटच्या मधोमध ठेवला आणि वाकून, चष्मा कपाळावर चढवून, चहाकडे बघत राहिले. चहावर बारीक वलयं उठत होती, कडेकडून मध्ये येत होती. एखादं वलय मध्येच तुटायचं.

"मघापेक्षा बरी आहे," अण्णा म्हणाले. "पण स्लो अजून वर आहे. थोडा उतरव. थांब, चहा घेऊ दे आधी." त्यांनी अर्धा चहा संपवला, उरलेला पुन्हा बॉनेटवर ठेवला. "हं. कर आता. बेताने."